गोळी खाणाऱ्या बहिणीला विश्वासात कमी म्हणू नका

सांगली-मिरज आणि आसपासच्या सर्व मंडळ्यांचे पाळक, वडील, महिला मंडळाच्या भगिनी आणि घरोघरी कॉटेज प्रार्थना चालवणारे बंधू यांना,

ख्रिस्तात सलाम.

मी तुमच्यातलीच एक. सांगलीत कर्नाळ रोडला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते, रविवारी उपासनेला डाव्या बाजूच्या चौथ्या बाकावर बसते. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी घेते, त्याला आता चौथे वर्ष चालू आहे. यातली बहुतेक वर्षे ही गोष्ट मंडळीत दोघा-तिघांनाच माहीत होती. गोळ्यांची पट्टी मी पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, चेनवाल्या कव्हरात, मागच्या कप्प्यात ठेवायचे. घरात पाहुणे असले तरी माझे शास्त्र कोणी उघडून बघणार नाही, एवढाच हिशेब. देवाच्या वचनाचा मी लपवाछपवीसाठी वापर केला, याचे मला आजही वाईट वाटते. पण तशी वेळ माझ्यावर का आली, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून हे पत्र.

सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी चाळीस फुटांवर गेली की इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आपल्याकडे पोराटोरांना पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी वानलेसवाडीला नातेवाइकांकडे गेलो. परत आलो तेव्हा भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर चिखलाची रेघ होती आणि आजीचे जुने शास्त्र फुगून उशीएवढे झाले होते. ते मी गच्चीवर पानपान सुटे करून वाळवले. त्या दिवसांत मी रडले नाही. घर धुतले, शाळा सुरू झाल्यावर मुलांच्या वह्या जमवल्या, मदतीचे किट वाटायला उभी राहिले. मंडळीत सगळे म्हणाले, ताई फार खंबीर आहेत. मलाही तसेच वाटले.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. पाणी ओसरले, पण माझ्या आतले काही ओसरेना. पहाटे तीनला जाग यायची, ती छाती धडधडतच. पत्र्यावर पावसाचा आवाज आला की हात गार पडायचे. कोयनेतून किती क्युसेक सोडले, दरवाजे किती फुटांनी उचलले, हे मी फोनवर दर दहा मिनिटांनी बघायचे. पुढे पुढे पाऊस नसतानाही, ऑक्टोबरच्या कडक उन्हातसुद्धा बघायचे. मग हळूहळू भीतीची जागा दुसऱ्याच गोष्टीने घेतली. कशाचेच काही वाटेना. आंघोळीला उठायचे म्हणजे डोंगर चढायचा वाटे. भात लावला की शिट्ट्या मोजायची मला शुद्ध नसे. उपासनेत सगळे गायचे आणि माझा ओठ हलायचा नाही. लहानपणापासून तोंडपाठ असलेले गीत, आणि एक ओळ बाहेर पडेना. सगळ्यात जास्त भीती मला त्याची वाटली. वाटले, देवानेच मला टाकले.

पतीने आग्रह केला म्हणून डॉक्टरकडे गेले. त्यांनी आधी थायरॉइडची आणि रक्ताची तपासणी करून घेतली, कारण थायरॉइड बिघडले तरी माणूस असाच मलूल होतो. मग निदान सांगितले, चिंतेचा आजार आणि त्यासोबत नैराश्य. गोळी सुरू केली. म्हणाले, ताई, ही क्रोसिन नाही, अर्ध्या तासात फरक पडणार नाही. दोन ते सहा आठवडे लागतील, धीर धरा. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मला चहाचा वास आला. तुम्हाला ही बारीकशी गोष्ट वाटेल. मला कित्येक महिन्यांत कशाचाच वास आल्यासारखा वाटला नव्हता.

आणि नेमक्या त्याच सुमारास ती प्रार्थना सभा झाली. कोणाची, कुठे, हे मी लिहिणार नाही. सभा चालवणाऱ्या त्या सेवकाचे, म्हणजे प्रचारकाचे, मन वाईट नव्हते, असे मी आजही मानते. पण जे झाले ते झाले. कोणीतरी माझ्यासाठी विनंती केली, मला पुढे बोलावले, सेवकांनी डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत विचारले, ‘‘ताई, तुमचा विश्वास गोळीवर आहे की प्रभूवर?’’

पन्नास माणसांसमोर या प्रश्नाला दुसरे काय उत्तर द्यायचे? मी म्हणाले, प्रभूवर. हालेलुया झाले. घरी जाऊन मी गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

चौथ्या दिवसापासून डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येऊ लागले. मान वळवली की गरगरायचे. झोप पार उडाली. या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात, हे मला नीट माहीत नव्हते. आणि हे झटके म्हणजे गोळीचे व्यसन लागल्याची खूणही नव्हे. शरीराला सवय मोडायला वेळ लागतो, इतकेच. मला मात्र वाटले, प्रभू मला शिक्षा करतो आहे. तिसऱ्या आठवड्यात जगणे नको असे विचार येऊ लागले. ज्या सभेत मी बरी व्हायला गेले होते, तिथून मी आधीपेक्षा खोल खड्ड्यात पडले, आणि वर ‘विश्वास कमी पडला’ हे ओझे डोक्यावर घेऊन पडले. पाळकसाहेब, आजार एक वेळ सोसतो. हे दुसरे ओझे सोसत नाही.

पतीने परत डॉक्टरकडे नेले. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली.

आता एका मावशींबद्दल सांगते. आपल्याच मंडळीतल्या. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत, साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सगळ्यांसमोर सांगायला, त्या कधी उभ्या राहत नाहीत. त्या काळात त्या रोज अकराच्या सुमारास यायच्या. पदराखाली फडक्यात दोन शाळूच्या भाकऱ्या, कधी पिठले, कधी शेपूची भाजी. दार ढकलून आत यायच्या आणि माझ्या खाटेशेजारी जमिनीवर बसून मेथी नाहीतर तांदूळ निवडायला घ्यायच्या. बोलायच्या नाहीत. कधी माझ्या केसांतून फणी फिरवायच्या, कारण मी आठ-आठ दिवस केस विंचरत नसे. जाताना एकच वाक्य, ‘‘येतो गं बाई, उद्या येतो.’’ मी एकदा त्यांना विचारले, मावशी, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना का करत नाही? त्या म्हणाल्या, ‘‘घरी करतो की. हितं तू दमलीयास.’’

त्यानंतर कितीतरी दिवसांनी मी शास्त्रातल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचला आणि थबकले. कर्मेल डोंगरावर आग उतरवणारा एलीया दुसऱ्याच क्षणी जीव घेऊन रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. एवढा मोठा संदेष्टा! आणि देव काय करतो? विश्वास कुठे गेला म्हणून विचारत नाही. त्याला झोपू देतो. देवदूत येतो, त्याला हात लावतो, म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, तेच करतो, आणि वर म्हणतो की वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. डोंगर, वारा, भूकंप, देवाची मंद वाणी हे सगळे चाळीस दिवसांनंतरचे. आपल्या सभांमध्ये मी या अध्यायावर कितीतरी प्रवचने ऐकली. सगळी मंद वाणीवर. भाकरीवर एकही नाही.

मला माहीत आहे, तुमच्यातले काही म्हणतील की शास्त्रातच लिहिले आहे, ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’. हे वचन मला त्या दोन महिन्यांत मोबाइलवर फुलांच्या चित्रासकट इतक्यांदा आले की मी मोजणे सोडले. फिलिप्पैकरांस लिहिलेले हे पत्र मी मग पहिल्यापासून शेवटपर्यंत, हातात पेन्सिल घेऊन वाचले. प्रेषित पौल ते बंदिवासातून लिहितो आहे. त्याच चौथ्या अध्यायात, जेमतेम आठ ओळींनी पुढे, तो फिलिप्पैच्या मंडळीचे आभार मानतो, कारण त्याच्या संकटात ती सहभागी झाली, त्याची गरज भागवायला माणूस पाठवला. तो माणूस एपफ्रदीत. तो पौलाची सेवा करता करता मरायला टेकला होता, आणि पौल उघड लिहितो की देवाने त्याला वाचवले म्हणून मला दुःखावर दुःख झाले नाही. म्हणजे चिंता करू नका असे सांगणारा पौल स्वतःच्या काळजाची काळजी लपवत नव्हता. आणि ज्यांना तो हे सांगत होता, त्यांनी आधी त्याच्यासाठी पिशवी भरून माणूस धाडला होता. वचन पाठवायला अंगठा पुरतो. त्यासोबत भाकरी घेऊन या, मग तेच वचन औषधासारखे लागू पडते. मला पडले आहे.

खुद्द प्रभू येशू धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत आपल्या तिघा जवळच्यांना सांगतो की माझ्या जिवाला मरणाइतका खेद झाला आहे, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. त्याने त्यांच्याकडे उपाय मागितला नाही, सोबत मागितली. तेवढीही त्यांच्याच्याने झाली नाही. आपल्या मंडळीतल्या एखाद्या खिन्न बहिणीला ‘ख्रिस्ती माणसाने उदास असू नये’ असे सांगण्याआधी त्या बागेत एकदा जाऊन या, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आपल्या सांगली-मिरजेच्या मंडळ्यांना तर हे कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. आपल्यातल्या कितीतरी घराण्यांचा इतिहास इस्पितळाच्या आवारात सुरू होतो. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले. क्षयाच्या रोग्यांसाठी गावापासून दूर मोकळ्या हवेत आरोग्यधाम झाले, ती जागा आजही त्यांच्या नावाने वानलेसवाडी म्हणूनच ओळखली जाते. महारोग्यांना गाव शिवत नव्हते, तेव्हा मिरजेत त्यांच्यासाठी दवाखाना निघाला. माझी आई नर्स होती. ती सांगायची, शस्त्रक्रियेआधी थिएटरमध्ये प्रार्थना व्हायची आणि ‘आमेन’ झाले की सर्जन सुरी मागायचे. प्रार्थना केली, आता सुरी कशाला, असे तिथे कोणी म्हटले नाही. क्षयाच्या रोग्याला कोणी विचारले नाही की तुझा विश्वास खाटेवर की प्रभूवर. मग मेंदूच्या आजाराला वेगळा न्याय का? शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकचा उल्लेख पौल ‘प्रिय वैद्य’ असाच करतो. मधुमेहाच्या इन्सुलिनवर आपल्यात कोणी साक्ष मागत नाही, बीपीची गोळी आपण महिला मंडळाच्या सहलीत एकमेकींना आठवणीने देतो. माझी गोळी तेवढी शास्त्राच्या कव्हरात.

विश्वासाने मला काय दिले, हे विचाराल तर मी अगदी मनापासून सांगेन, कारण तो नसता तर मी हे पत्र लिहायला राहिले नसते. पण तो मला मिळाला तो वेगळ्या वाटेने. पहाटे तीनला स्वतःचे शब्द सुचत नसत, तेव्हा बेचाळिसावे स्तोत्र होते. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हा माणूस देवाशी बोलता बोलता मध्येच आपल्या जिवाशी बोलतो, त्याची समजूत काढतो, पुन्हा खचतो, पुन्हा समजूत काढतो. माझे समुपदेशक मला पुढे तेच शिकवत होते: मनात विचार आला की त्याला खरा मानायच्या आधी त्याच्याशी बोला. पाण्याची पातळी दिवसातून दोनदाच, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला बघायची, मधे फोन दुसऱ्या खोलीत, हाही त्यांचाच धडा. श्वास मोजायला सांगितले, तर मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’च्या एकेका ओळीवर एकेक श्वास सोडू लागले. आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र. ते अंधारातच संपते, शेवटी एकही आशेची ओळ नाही. असले स्तोत्र देवाने शास्त्रात राहू दिले, याचा मला केवढा आधार वाटला! म्हणजे ज्या दिवशी माझ्याकडे आशेची ओळ नाही, त्या दिवशीही माझी प्रार्थना ही प्रार्थनाच.

आपल्या उपासनेत या स्तोत्राला जागा नाही. साक्षी सगळ्या बरे झालेल्यांच्या. अजून बरा न झालेला माणूस उभा राहून काय सांगणार? खरे तर मराठी ख्रिस्ती माणसाला तळमळ परकी नाही. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो म्हणणारे कवी ना. वा. टिळक आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात राहिले, तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांची गीते आपण गातो, ती विरहाने, ओढीने ओथंबलेली आहेत. आपण ती ठेक्यात गाऊन पटकन पुढच्या घोषणांकडे वळतो.

एक गोष्ट लिहायला हात जड होतो, पण टाळणार नाही. काही वर्षांपूर्वी एका गावात एका तरुण मुलाने आत्महत्या केली. त्याच्या दफनाच्या वेळी मागे कुजबुज चालली होती की याच्यासाठी प्रार्थना करावी का, स्मशानभूमीत कोणत्या कोपऱ्यात जागा द्यावी. त्याची आई कबरीच्या काठावर एकटी उभी होती. दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी, कोणी तिच्या शेजारी जाईना. मीही गेले नाही, तेव्हा मला काही कळत नव्हते. ती मोकळी जागा मला अजून दिसते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, तोसुद्धा म्हणतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावे आणि त्याला शिक्षा करू नये. त्याची काळजी घेणे, उपचार देणे हे सरकारचे काम आहे. सरकारी कायदा एवढा दयाळू होऊ शकतो, तर मग ज्याने ठेचलेला बोरू मोडला नाही, त्या ख्रिस्ताच्या मंडळीने त्या आईशेजारी उभे राहायला नको का?

म्हणून माझे मागणे. वेदीवरून, सभेत, घरी, कुठेही कोणाला ‘गोळ्या सोडा’ म्हणू नका. बरे वाटले तरी ‘आता डॉक्टरांना विचारून बघ’ म्हणा. आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत मलेरिया आणि मणक्याच्या ऑपरेशनसोबत नैराश्याचेही नाव घ्या, अर्थात त्या माणसाची परवानगी असेल तर. प्रार्थनेला बोलवायचे तर चारचौघांत पुढे उभे करू नका. आणि ‘याला रत्नागिरीला पाठवा’, ‘येरवड्याची केस आहे’ हे बोलणे निदान देवळाच्या आवारात तरी बंद करा. ज्याला खरोखर तिथल्या मनोरुग्णालयात उपचारांची गरज असते, त्याच्या घरच्यांचे काळीज या शब्दांनी फाटते.

देवळाच्या सूचना फलकावर १४४१६ हा नंबर लावा. हा टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येते. रात्री तीनला पाळकसाहेबांना उठवायचा संकोच वाटतो. या नंबरला वाटत नाही. जीवच धोक्यात असेल तर ११२. आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येते. यातले काहीही महाग नाही. आपल्यात कितीतरी नर्स आहेत, निवृत्त सिस्टर आहेत. त्यांना एकदा बोलवा, तासभर बोलू द्या.

पाळकसाहेब, तुमच्यासाठीही एक शब्द. लोकांची मयते, भांडणे, कर्जे, सगळे तुमच्या दारात येते, आणि तुम्ही कोणाच्या दारात जाता ते आम्हाला माहीत नाही. तुमच्यातही कोणाची पट्टी कव्हरात असेल. ती बाहेर काढलीत तरी आमच्या मनातला तुमचा मान कमी होणार नाही.

मी आता माझी पट्टी स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी ठेवते. गेल्या पावसाळ्यात दोन रात्री वाईट गेल्या, बाकी झोपले. कोणाला डॉक्टरकडे जायचे आहे पण एकटीने धाडस होत नाही, घरच्यांना सांगता येत नाही, तर मी सोबत येईन. शनिवारी माझी शाळा सकाळचीच असते, दुपारी मी मोकळी असते. रविवारी उपासनेनंतर मी पंधरा-वीस मिनिटे बाकावरच थांबत जाईन. शेजारी येऊन बसा. बोलायलाच पाहिजे असे नाही.

ख्रिस्तात तुमची,
डावीकडच्या चौथ्या बाकावरची बहीण
सांगली